कागदातला आयरिश बाप

दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातून एका कुटुंबाच्या इतिहासाचा खर्डा माझ्याकडे आला. दीडशेच्या वर पाने, मध्ये छायाचित्रे, शेवटी घडी घातलेला वंशवृक्ष. कुटुंबाचे नाव इथे देत नाही, कारण ते त्यांना नको आहे आणि पुढच्या विवेचनाला त्याची गरजही नाही. मूळचे हे अँग्लो-इंडियन घराणे. सिकंदराबादेत रेल्वेच्या नोकरीत दोन-तीन पिढ्या गेल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत, त्यांच्यासारखी हजारो कुटुंबे गेली तसे तेही बोटीने गेले. खर्ड्याचा विषय एकच होता : आमचे आयरिश पूर्वज.

माझ्याकडे काम अगदी क्षुल्लक होते. सोबत बाप्तिस्म्याच्या एका नोंदीची छायाप्रत जोडली होती. नोंद १८४० च्या दशकातली, अक्षर तिरके आणि घाईचे. त्यातले गावाचे नाव काय आहे, एवढे मी सांगायचे होते. कुटुंबाने ते ‘जालंधर’ असे वाचले होते आणि त्यावर एक अख्खे प्रकरण रचले होते. जालंधर म्हटले की आयरिश माणसाला १९२० चा जून आठवतो. कनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीतल्या शिपायांनी, मायदेशात ब्रिटिश फौजा करत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ तिथे शस्त्रे खाली ठेवली आणि जेम्स डेली या तरुणाला २ नोव्हेंबर १९२० रोजी गोळ्या घालण्यात आल्या. आपला पूर्वज त्याच छावणीत ऐंशी वर्षे आधी होता, या योगायोगाभोवती त्या प्रकरणात बरेच भावुक लिहिले होते.

पण १८४० च्या दशकात जालंधर नुकतेच कुठे इंग्रजांच्या हाती येत होते. शिवाय नोंद मद्रासच्या भागातली. शब्द जालंधर नव्हताच. तो होता ‘जॉलनाह’. जालना हे नाव इंग्रजांनी तसे लिहिले. माझ्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवरचे ठिकाण त्यांनी पंजाबात नेऊन ठेवले होते.

मी दुरुस्ती कळवली. तिथे माझे काम संपले असते. पण खर्डा पुन्हा पुन्हा वाचताना लक्षात आले की गावाचे नाव चुकणे ही त्यातली लहान चूक आहे. मोठी चूक वाचनाची नव्हे, रचनेची आहे, आणि ती या एका कुटुंबाची नाही. आयरिश पूर्वज शोधणारे जे लेखन गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माझ्या पाहण्यात आले त्या सगळ्याचा सांगाडाच तसा आहे. हा लेख त्या सांगाड्याविषयी आहे.

आधी जालन्याविषयी थोडे. आज बियाणे आणि लोखंडी सळया यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाला छावणीचा भूतकाळ आहे हे खुद्द जालनेकरांच्याही फारसे ध्यानात नसते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली जन्माने डब्लिनचा होता. त्यानंतर हा मुलूख निजामाचा आणि फौज इंग्रजांची, अशी व्यवस्था बसली. जालन्याची छावणी १८२७ मध्ये बांधली गेली असे इंपीरियल गॅझेटियर सांगते. मद्रास लष्कराच्या तुकड्या, तोफखाना, पुढे हैदराबाद कंटिंजंट, असे लोक इथे राहून गेले. १९०३ मध्ये कंटिंजंटच ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले आणि छावणीचा जीव गेला. मागे उरली ती नावे. शहरात आजही या नावांची पोलीस ठाणी आहेत : एक कदीम जालना, म्हणजे जुने जालना, आणि दुसरे सदर बाजार. सदर बाजार हा शब्द छावणीचाच. गोऱ्या पलटणींना धान्य, दारू, धोबी, न्हावी, आया आणि आणखीही बरेच काही पुरवणारी वस्ती ती. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

गोऱ्या पलटणींत आयरिश किती होते? १८३० च्या सुमारास एकूण ब्रिटिश सैन्यातले शंभरातले बेचाळीस शिपाई आयरिश होते. बेटांच्या लोकसंख्येतला त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून कमी होता, तरी. ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच्या युरोपीय पलटणींसाठी वेगळी भरती करी आणि तिथेही आयरिशांचा भरणा मोठा असे. कंपनीच्या याच मद्रास आणि मुंबईच्या जुन्या युरोपीय पलटणींपासून १८८१ साली ‘रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स’ ही आयरिश नावाची पलटण घडवली गेली. म्हणजे दख्खनच्या मातीत वाढलेल्या पलटणीला नाव डब्लिनचे. आयरिश मुक्त राज्य झाल्यावर १९२२ मध्ये ती बरखास्त झाली.

आणि १९२२ हेच ते दुसरेही साल, ज्यामुळे आयरिश कुटुंबे आपल्याकडच्या दप्तरांची दारे ठोठावतात. ३० जून १९२२. यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ या इमारतीत स्फोट झाला, आग लागली आणि तिथले सार्वजनिक दप्तरखाने जळून गेले. शतकानुशतकांचे कागद राख होऊन शहरावर उडाले. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे बहुतेक सगळे कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे सरकारने आधीच नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत काढले होते. पूर्ण उरलेल्या सर्वांत जुन्या जनगणना म्हणजे १९०१ आणि १९११. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या गावोगावी असल्याने वाचल्या, पण खेड्यांत त्या पुष्कळदा १८२०-३० च्या आसपास सुरू होतात आणि लॅटिनमध्ये असतात. त्यांत जेम्सचा जाकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस, आणि हौशी संशोधक एकाच माणसाचे दोन भाऊ करून मोकळे होतात.

अशा परिस्थितीत कंपनीचे कागद सोन्याच्या मोलाचे ठरतात. भरतीपत्रात शिपायाचे वय, उंची, काउंटी, पुष्कळदा पॅरिश आणि पूर्वीचा धंदा लिहिलेला असतो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती इथून लंडनला जात. मद्रासच्या १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून, बंगालच्या १७१३ पासून. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गंमत अशी की ज्याचे मूळ गाव स्वतःच्या देशात कागदावरून पुसले गेले, त्याचे नाव आणि गाव त्याला परक्या मुलखात लढायला नेणाऱ्या व्यापारी कंपनीने जपून ठेवले. २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, आयर्लंडने जळालेल्या दप्तराची पुनर्रचना करणारा संग्रह खुला केला. तोही अशाच, दुसरीकडे उरलेल्या प्रतींवर उभा आहे.

आमच्या खर्ड्यातला गोलंदाज असाच सापडला होता. जालन्याच्या नोंदीवरून त्याची तुकडी, तुकडीवरून भरतीपत्र, भरतीपत्रावरून लीट्रिम काउंटीतली एक पॅरिश. धंदा : मजूर. ही साखळी मी स्वतः तपासली, ती पक्की आहे. कुटुंबातले चौघे त्या पॅरिशला जाऊन आले, पावसात चर्चसमोर उभे राहून छायाचित्र काढले आणि तेच खर्ड्याच्या मुखपृष्ठावर आले. शोध संपला.

माझा आक्षेप तिथून सुरू होतो. ज्या नोंदीने त्यांना लीट्रिमपर्यंत नेले त्याच नोंदीत, त्याच ओळीत आणखी एक व्यक्ती आहे. मुलाच्या आईबापांच्या रकान्यात बापाचे नाव, आडनाव, पद, तुकडी. आणि आई : ‘मेरी’. एवढेच. आडनाव नाही, गाव नाही. तिच्याविषयी दीडशे पानांत एक वाक्य आहे, की ती बहुधा दुसऱ्या एखाद्या आयरिश शिपायाची मुलगी असावी. ‘बहुधा’ला आधार काही नाही. ती आयरिश शिपायाची मुलगी असती तर आडनाव लिहायला कारकुनाला अडचण नव्हती. आडनाव नसलेली मेरी त्या काळच्या नोंदीत बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते : ही बाई इथली आहे आणि मेरी हे नाव तिला पाद्र्याने दिले आहे.

हे काही मी शोधून काढलेले नाही. दुर्बा घोष यांचे वसाहतकालीन भारतातल्या कुटुंबांवरचे २००६ चे पुस्तक याच प्रश्नाभोवती फिरते. दप्तरात देशी बायका नावावाचून कशा राहतात, अर्धवट नावाने कशा येतात, आणि ते न-लिहिणे हासुद्धा कसा एक पुरावा आहे, हे त्यांनी दाखवले आहे. पण तो विचार अभ्यासकांच्या पुस्तकांत राहिला. कुटुंबेतिहास लिहिणाऱ्यांपर्यंत पोचले ते दुसरेच पुस्तक, विल्यम डॅलरिंपल यांचे २००२ मधले ‘व्हाइट मुघल्स’. हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची ती कथा. पुस्तक देखणे आहे, मेहनतीचे आहे. पण त्याने एक गैरसमज रुजवला : इंग्रज अधिकारी आणि देशी बाई म्हणजे हवेल्या, पत्रे आणि प्रणय. खैरुन्निसाचे नाव उरले कारण ती उमरावाच्या घरातली होती. जालन्याच्या सदर बाजारातून एखादी गोलंदाजाच्या बराकीत आली तर तिच्यासाठी कोणी पत्रे लिहिली नाहीत.

हा फरक दाखवणारे घराणे आपल्या ओळखीचेच आहे. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर मराठवाड्याला परका नाही. निजामाच्या नोकरीत त्याने उमेद घालवली, नळदुर्गला तो १८५३ ते १८५७ या काळात अंमल चालवत होता. निवृत्त होऊन तो डब्लिनला हॅरॉल्ड्स क्रॉस या भागात स्थायिक झाला आणि त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये, मुलगी ॲलिस हिने संपादून प्रसिद्ध केले. या ॲलिसची आई मेरी पामर. पुन्हा मेरीच. पण ही मेरी म्हणजे हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी, आणि विल्यमची आई फैझबक्ष, लखनौच्या वर्तुळातली. फैझबक्षचा नवरा जनरल पामर १७९८ ते १८०१ पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. लखनौला असताना १७८५-८६ च्या सुमारास या कुटुंबाचे एक मोठे चित्र रंगवले गेले. ते अपुरे राहिले, ते झोफनीचे की रेनाल्डीचे यावर अजून वाद आहे, आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात फैझबक्ष मध्यभागी बसलेली आहे, मुलांसह, दागिन्यांसह. वडिलांचे आत्मचरित्र संपादणाऱ्या ॲलिसची पणजी कशी दिसत होती हे आज पाहता येते. आमच्या गोलंदाजाच्या वंशजांना ते कधीच पाहता येणार नाही. पैसा आणि हुद्दा असेल तर आईचा चेहरासुद्धा उरतो. नसेल तर आडनावही उरत नाही.

आता ललित वाङ्मयाकडे वळतो, कारण या सांगाड्याचा साचा माझ्या मते तिथे घडला. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ‘किम’ ही कादंबरी १९०१ ची. तिच्याकडे आपण साहसकथा किंवा साम्राज्याची कथा म्हणून पाहतो. पण तिचा कणा आयरिश पूर्वजाचा शोध हाच आहे. लाहोरच्या गल्लीत वाढलेल्या पोराच्या गळ्यात ताईत आहे. ताइतात तीन कागद आहेत : बापाचा फ्रीमेसन संघातला दाखला, बापाचे संघ सोडल्याचे प्रमाणपत्र आणि पोराचा जन्मदाखला. बाप किंबल ओहारा, आयरिश पलटणीतला सार्जंट, पुढे रेल्वेत, मग दारूत. ताईत उघडतो आणि रस्त्यावरच्या पोराचा साहेब होतो.

पहिल्याच प्रकरणातला तो परिच्छेद शांतपणे वाचावा. बापाला नाव आहे, पलटण आहे, नोकरी आहे, ऱ्हासाची एक करुण गोष्टही आहे. आई कर्नलच्या घरी मुले सांभाळत होती, तिने ओहाराशी लग्न केले आणि ती फिरोजपूरला कॉलऱ्याने मेली. तिला तिथे नाव नाही. तिसरी एक बाई आहे, मिश्र रक्ताची, अफू ओढणारी, किमला सांभाळणारी. तिलाही नाव नाही. ती मिशनऱ्यांना सांगते की मी या मुलाच्या आईची बहीण आहे. किपलिंग तिचे म्हणणे खोटे आहे असे सरळ म्हणत नाही. तो ‘पण’ म्हणून पुढच्या वाक्यात आईचे गोरेपण सुचवून मोकळा होतो. मला नेहमी वाटत आले आहे की अख्खी कादंबरी त्या एका ‘पण’वर तोललेली आहे. बाई खरे बोलत असेल तर किमचे गोरेपण डळमळते, मग ताइताला अर्थ उरत नाही.

आणि सर्वांत बोलका तपशील असा की ते तीन कागद चामड्याच्या ताइतात शिवून मुलाच्या गळ्यात बांधणारी हीच बिनावाची बाई आहे. बापाचा पुरावा तिने जपला. तिचा कोणी जपला नाही. टीकाकारांनी किमच्या ओळखीवर रकानेच्या रकाने लिहिले आहेत. ती सुई-दोरा घेऊन बसलेली बाई मात्र सगळ्यांच्या नजरेतून निसटते.

कादंबरीतली ही मांडणी नंतर माणसे प्रत्यक्ष जगली. मुंबईत १९११ मध्ये जन्मलेली मर्ल ओबेरॉन हॉलिवूडची मोठी नटी झाली. तिच्या जन्मनावात ‘ओब्रायन’ हे आयरिश नाव होते. ‘ओबेरॉन’ हे पडद्यावरचे नाव कशाचा पडसाद आहे ते त्यावरून कळावे. तिने आयुष्यभर आपला जन्म टास्मानियातला सांगितला आणि तिथले दाखले आगीत जळाले असेही सांगितले जाई. आयर्लंडची आग खरी होती, ही सोयीची. मूळची सिलोनची शार्लट सेल्बी, जिला ती आई म्हणे, ती इंग्लंडमध्ये तिच्यासोबत राहिली, पण पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून. शार्लट वारल्यानंतर मर्लने तिचे तैलचित्र करून घेतले, त्यात तिचा रंग उजळवला. खरे काय ते मुंबईच्या जन्मनोंदीत होते, आणि ते तिच्याच कुटुंबातल्या एकाने पुढे शोधून काढले. त्यात जन्मदात्री आई शार्लट नव्हे, शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स होती. इथे आईच दोनदा झाकली गेली. बापाला मात्र कोणीच झाकले नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण स्पाइक मिलिगनचे. हा विनोदकार १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला जन्मला, म्हणजे जालन्याहून एका दिवसाच्या वाटेवर. बाप लिओ मिलिगन आयर्लंडच्या स्लायगोचा, तोफखान्यात. बालपण पुण्याला आणि रंगूनला गेले. पुढे आईबाप आणि भाऊ ऑस्ट्रेलियात वोय वोय या गावी गेले, स्पाइक इंग्लंडमध्ये राहिला. ज्या साम्राज्यासाठी बाप राबला आणि ज्याच्या सैन्यात तो स्वतः लढला, त्याच ब्रिटनने १९६२ च्या सुमारास त्याला नागरिकत्वाबद्दल अडचणीत आणले. तेव्हा त्याने बापाच्या जन्माच्या आधारे आयरिश नागरिकत्व घेतले. २००२ मध्ये तो गेला. विंचेल्सी इथल्या थडग्यावर त्याला आपला शेवटचा विनोद लिहून हवा होता, मी म्हणत होतो ना मला बरे नाही, अशा अर्थाचा. चर्चच्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत नको म्हटले, म्हणून तो आयरिश भाषेत कोरला. आयरिशपण इथे अडचणीतून सुटण्याची पळवाट झाले, आणि मिलिगनला त्याची गंमत पूर्ण कळत होती. कुटुंबेतिहासांत मला याच जाणिवेची उणीव दिसते. आयरिश पूर्वज हा आपल्या हाती आलेला सोयीचा कागद आहे, हे ज्याला कळते तो त्याच्यापुढे मान तुकवून थांबत नाही.

कागद सोयीचा का असतो याचे कारण व्यवस्थेत आहे. १६८७ साली कंपनीच्या संचालकांनी मद्रासला कळवले होते की शिपायांनी देशी बायकांशी लग्ने करावीत याला उत्तेजन द्यावे आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आईला थोडी रक्कम द्यावी. म्हणजे आईला पैसे मिळत, तिचे नाव लिहिलेच पाहिजे असे नव्हते. शंभर वर्षांनी वारे उलटे फिरले. १७९१ मध्ये मिश्र संततीला कंपनीच्या बड्या नोकऱ्या बंद झाल्या. १७९५ मध्ये ज्याचे आईबाप दोघेही युरोपीय नाहीत त्याला सैन्यात ढोल, बासरी, बँड आणि नालबंदी यांखेरीज जागा उरली नाही. तेव्हापासून आई लपवणे ही पोटापाण्याची गरज झाली. १८४० च्या दशकातल्या जालन्याच्या कारकुनाने नुसते ‘मेरी’ लिहिले ते बेफिकिरीने लिहिले असेल. पण त्यानंतर चार पिढ्यांनी ती रिकामी जागा भरली नाही, याला बेफिकिरी म्हणता येत नाही. सिकंदराबादेत रेल्वेची चांगली जागा मिळवायची, पुढे ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनाच वाव देणाऱ्या धोरणात आत शिरायचे, तर लीट्रिम कामाचे होते, जालना नव्हते. त्यांना मी दोष देत नाही. दोष आजच्या खर्ड्याला देतो, कारण आज कोणी दारात उभे राहून रक्त तपासत नाही.

आपण मराठी माणसांनी फार ऐट मिरवू नये. आपली कुलवृत्तान्ते मी बरीच चाळली आहेत. अलीकडच्या पिढ्यांत बायकोचे माहेर दिलेले असते, हे मान्य. पण लग्नात नाव बदललेले, त्यामुळे माहेरच्या वृत्तान्तात ती एका नावाने आणि सासरच्या वृत्तान्तात दुसऱ्या. मुलीच्या पुढे रेघ थांबते. पाच-सहा पिढ्या मागे गेलात की बायकोच्या जागी कोरा कागद. आयरिश कुटुंबाला हसताना मला माझ्या स्वतःच्या आजीचे माहेरचे नाव विचारले गेले आणि ते मला ठाऊक नव्हते. तीन मावशांना विचारून ते मिळाले, तेही दोन वेगवेगळी.

मग मेरीचे पुढे काय करायचे? मी त्या कुटुंबाला काही वाटा सुचवल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी साक्षीला, धर्ममातापित्यांच्या जागी कोण होते ते पाहावे, त्यांत दुसरी एखादी देशी बायको असेल. लग्नाची नोंद मुलांच्या जन्मानंतरची असू शकते, म्हणून पुढची वर्षेही चाळावीत. तिथे वधूने सही केली की फुली, आणि तिच्या नावापुढे काही विशेषण आहे का ते पाहावे. शिपायांची मृत्युपत्रे आणि मयताच्या सामानाच्या याद्या तपासाव्यात. बाप्तिस्म्यात जी नुसती मेरी असते ती मृत्युपत्रात कधीकधी तिच्या मूळ नावाने येते, कारण पैसे द्यायचे तर माणूस ओळखता आला पाहिजे. आमच्या गोलंदाजाचे मृत्युपत्र अजून हाती लागलेले नाही. सामानाची यादी लागली : एक पेटी, दोन सदरे, वस्तरा, आणि लिलावात आलेली किंमत.

याच पत्रव्यवहारात एक गोष्ट निघाली. त्यांच्या आजीच्या हस्ताक्षरातल्या पाककृतींच्या वहीत एका भाकरीसारख्या पदार्थाचे नाव आहे. कुटुंब ते आयरिश समजत आले. आयर्लंडमध्ये बटाट्याची ‘बॉक्स्टी’ नावाची थापून केलेली पोळी असते, तिचाच हा काही प्रकार असावा असा खर्ड्यात तर्क आहे. मी पान मागवले. ज्वारीचे पीठ त्यांनी मक्याचे करून टाकले होते, पण बेसन, तीळ, ओवा, लसूण, हिरवी मिरची तशीच होती आणि ओल्या फडक्यावर थापायचे असे स्पष्ट लिहिले होते. नाव रोमन लिपीत, ‘डुपाटी’ असे उच्चारता येईल असे. मराठवाड्यातल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. धपाटे.

ते वाचून मला जे वाटले ते आवरून धरले पाहिजे. धपाट्याने मेरी सिद्ध होत नाही. कृती एखाद्या स्वयंपाकिणीकडून आली असेल, आयेकडून आली असेल, सिकंदराबादेतल्या शेजारणीकडून आली असेल. मी दुसऱ्याच्या ‘बहुधा’ला आक्षेप घेतला आणि स्वतः तेच करणे बरे नव्हे. कुटुंबातल्या एका तरुणीने सांगितले की तिने डीएनए तपासणी करून घेतली होती, त्यात दक्षिण आशियाचा अंश आला आणि घरातल्या थोरल्यांनी प्रयोगशाळेची चूक ठरवून तो विषय बंद केला. तो अंश मेरीचाच, असेही म्हणता येत नाही. चार पिढ्यांत तो कुठूनही आला असेल. पण दीडशे पानांत ज्याला एक ओळ मिळाली नाही तो प्रश्न तरी आता विचारला गेला.

मी त्यांना एवढेच मागितले की वंशवृक्षात गोलंदाजाच्या शेजारची चौकट काढून टाकू नका. पहिल्या खर्ड्यात तिथून रेघ थेट मुलाकडे जात होती, जणू मूल एकट्या बापाला झाले. त्यावर बरेच दिवस उत्तर आले नाही. मी समजलो की थोरल्यांना पटले नसावे. गेल्या श्रावणात नवा खर्डा आला. मुखपृष्ठावर लीट्रिमचे चर्च तसेच आहे. जालंधरचे प्रकरण गेले आहे, त्याजागी जालन्यावर चार पाने आहेत, त्यांतल्या दोन चुका मी कळवल्या आहेत. वंशवृक्षात तुटक रेघांची एक चौकट आहे. तिच्यात लिहिले आहे : ‘मेरी, जालना’. आडनावाची जागा मोकळी ठेवली आहे. धपाट्याची कृती शेवटच्या पानावर आहे, नाव अजून ‘डुपाटी’च आहे, पण आयरिश हा शब्द खोडला आहे.